रस्त्याला धनी कोण?



मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे, पुढे सतरंजीवर जागा आहे, या, बसा. आजचं बोलणं सगळ्यांत जास्त तुमच्यासाठी आहे. शहाद्याहून रात्री उशिरा मोटारसायकलवर परतणारे तुम्हीच, आणि पहाटे अंधारात दुधाचे कॅन बांधून निघणारेही तुम्हीच.

आपल्या गुरुजींच्या स्मृतीच्या या व्याख्यानमालेत साहित्यिक येऊन गेले, इतिहासाचे अभ्यासक येऊन गेले. मी वकील आहे. मोटार अपघाताचे दावे चालवतो. म्हणून विषयही माझ्या रोजच्या कामातला घेतला आहे. रस्ता खराब होता आणि त्यामुळे माणूस गेला, तर त्याला जबाबदार कोण? हा प्रश्न मी इथे विचारला तर सगळे एका सुरात म्हणाल, सरकार. मग असं कसं होतं, की कागदावर ते नाव कधीच येत नाही?

कागदापासूनच सुरुवात करू.

पावसाळ्यातली पहाट. एक तरुण, बावीस-तेवीस वर्षांचा, दूध घालायला निघालेला. रस्त्यावर पाणी साचलेलं. त्या पाण्याखाली खड्डा होता. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, रिंग वाकली, कॅनच्या वजनाने गाडी आडवी झाली आणि पोराचं डोकं डांबराच्या तुटक्या काठावर आपटलं. त्याच्या वडिलांनी आणलेली कागदपत्रं मी वाचली. घटनास्थळाचा पंचनामा होता. रस्ता डांबरी, दक्षिणोत्तर, अमुक फूट रुंद. पूर्वेला अमक्याचं कापसाचं शेत, पश्चिमेला बाभळीचं झाड. रस्त्यावर दूध सांडलेलं, काचेचे तुकडे पडलेले. सगळं होतं. बाभळीचं झाडसुद्धा होतं. खड्डा नव्हता! मी स्वतः जाऊन पाहिलं, तर तिथे लाल मुरूम टाकलेला. वडील म्हणाले, "साहेब, तेराव्याच्या आधीच टाकला." पोरगा असताना ज्या खड्ड्याला कोणी हात लावला नाही, तो पोरगा गेल्यावर भरला गेला आणि पुरावाही त्यातच गाडला गेला.

आणि गुन्हा? गुन्हा दाखल झाला होता, त्याच पोरावर. मयताने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवली आणि स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या घरच्या कागदावर वाचलं असेल. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम 304-अ लागायचं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 106 लागतं. कलमाचा आकडा बदलला, वाक्य तेच राहिलं. आरोपी मयत, म्हणून प्रकरण बंद. मेलेला माणूस जबाब देत नाही, वकील लावत नाही, अपीलही करत नाही. त्याच्यावर जबाबदारी टाकणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

याने पुढे काय होतं, ते लक्षात घ्या. विमा कंपनी हाच कागद पुढे करते. एकट्याच्या अपघातात दुसरं वाहन नाही, त्यामुळे नुकसानभरपाई मागायची कोणाकडे, असा प्रश्न उभा राहतो. गाडीमालकाच्या स्वतःच्या अपघाताचा सक्तीचा विमा 15 लाखांचा असतो, पण पॉलिसी चालू असेल आणि लायसन्स असेल तर. आपल्याकडे किती मोटारसायकलींची पॉलिसी शोरूममधून निघाल्यानंतर पुन्हा भरलेली आहे? हात वर करायला सांगत नाही. घरी गेल्यावर कागद काढून बघा, एवढंच सांगतो.

देशाचे आकडे याच कागदांवरून बनतात. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांपैकी खड्ड्यांमुळे किती गेली म्हणून सरकारी अहवाल सांगतो? 1,856. आणि दर दहातली सात भरधाव वेगामुळे गेली म्हणून सांगतो. वेगाने माणसं मरतात, हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ज्या पोराच्या पंचनाम्यात खड्डाच लिहिला नाही, तो कुठल्या रकान्यात गेला असेल? 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे पाच वर्षांतल्या खड्ड्यांच्या बळींचा आकडा आला होता, 14,926. न्यायालयाने तो ऐकून संताप व्यक्त केला. तो आकडासुद्धा फक्त लिहिल्या गेलेल्यांचा.

आणि जे अपघातात धरलेच जात नाहीत, त्यांचं काय? 2021 च्या सप्टेंबरात चांदशैली घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा पायी निघाला. दवाखाना गाठायच्या आत तिने प्राण सोडला. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही. अपघाताच्या कुठल्याही तक्त्यात ती बाई नाही. माझ्या मते तिला रस्त्यानेच मारलं.

आता दुसरा मुद्दा. कार्यालयात गेलं की पहिलं उत्तर काय मिळतं? "पाऊस फार झाला हो यंदा." जणू पाऊस हा आरोपी आहे आणि तो फरार आहे. पाऊस यंदा पहिल्यांदा पडला का? मृगाचं नक्षत्र दर वर्षी कधी लागतं, हे आपल्या आजीलाही ठाऊक असतं. जे दर वर्षी येतं, ठरल्या वेळी येतं, ते संकट असेल, पण अचानक आलेलं नाही.

आपली काही मराठी कुटुंबं टोरोंटोकडे स्थायिक झाली आहेत. तिथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो. ज्या प्रांतात ते शहर आहे, त्या ओंटारिओत रस्त्यांच्या देखभालीचे किमान निकष सरकारने नियमात लिहून ठेवले आहेत. रस्त्यांचे वर्ग पाडलेत. सगळ्यांत वर्दळीच्या वर्गाच्या रस्त्यावर अडीच सेंटीमीटर बर्फ साचला, तर तो थांबल्यापासून 4 तासांत रस्ता मोकळा झाला पाहिजे. पाचव्या वर्गाचा, म्हणजे आपल्या शेतशिवारातल्या रस्त्यासारखा कमी रहदारीचा रस्ता असेल, तर 10 सेंटीमीटरला 24 तास. नगरपालिकेने हे पाळलं आणि तरीही कोणी घसरला, तर नगरपालिका जबाबदार नाही. पाळलं नाही, तर तिला उत्तर द्यावं लागतं. अपघात झालेल्यानेही 10 दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं. म्हणजे वाद कशावर होतो? किती साचलं होतं, कधी कळलं आणि किती तासांत माणूस पाठवला, यावर. बर्फ किती वाईट असतो, यावर तिथे कोणी भाषण करत नाही.

अशी जबाबदारी कुठेच आपोआप आलेली नाही. इंग्लंडमध्ये 1788 साली डेव्हन परगण्यातल्या नादुरुस्त पुलावर एका मालकाच्या गाडीचं नुकसान झालं. त्याने दावा केला आणि तो हरला. सगळ्या परगण्याला त्रास होण्यापेक्षा एकाचं नुकसान झालेलं परवडलं, असा त्या निकालाचा सूर होता. रस्ता दुरुस्त केलाच नाही म्हणून सरकारी संस्थेवर दावा लावता येत नाही, हा नियम तिथे 1961 च्या कायद्यापर्यंत टिकला. बरं, त्यानंतर तरी? 1991 साली ईस्ट ससेक्समध्ये सकाळच्या वेळी एक गाडी रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून घसरली, पुलाच्या कठड्यावर आदळली, चालक जन्माचा अधू झाला. रस्त्यावर मीठ-खडी टाकणारी गाडी काही मिनिटांत तिथे पोहोचणारच होती. 2000 साली तिथल्या सर्वोच्च पीठाने सांगितलं, रस्ता दुरुस्त ठेवणं हे संस्थेचं कर्तव्य आहे, पण बर्फ काढणं त्या कर्तव्यात बसत नाही. लोकांना हे पटलं नाही. तीन वर्षांत, 2003 साली, संसदेने कायदाच बदलला आणि बर्फामुळे वाट धोक्याची होऊ नये, हे शक्य तेवढं पाहण्याचं कर्तव्य रस्त्याच्या धन्यावर घातलं. 1788 ते 2003, म्हणजे दोनशे पंधरा वर्षं. आपल्याला एवढं थांबायचं आहे का?

आता आपल्या कायद्याकडे येऊ. भारतात सरकार चुकीला जबाबदार असतं की नाही, या वादाचं मूळ ज्या खटल्यात आहे, तो खटला रस्त्यावरच्या अपघाताचाच आहे. कलकत्त्याला खिदिरपूरच्या सरकारी गोदीचे मजूर रस्त्यावरून एक लोखंडी तुकडा नेत होते. घोडागाडी आली, त्यांनी तुकडा खाली टाकला, आवाजाने घोडे बिथरले, एक घोडा जखमी झाला. 1861 साली निकाल लागला की सरकारने भरपाई द्यावी, साडेतीनशे रुपये. राणीचं राज्य नुकतंच आलेलं असताना एका घोड्याची भरपाई मिळाली. आमच्या पोराची मिळायला कागद कमी पडतात.

दुसरा निकाल आपल्या विरुद्ध जातो, पण तो माहीत असला पाहिजे. 1975 साली राजकोटला रस्त्याकडेचं झाड एका चाकरमान्याच्या अंगावर पडलं, तो गेला. खालच्या न्यायालयांनी भरपाई दिली. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. झाड पडेल हे आधी ओळखण्याजोगं होतं का, पालिकेचा आणि त्या माणसाचा एवढा जवळचा संबंध होता का, या कसोटीवर पालिका सुटली. मला हा निकाल कठोर वाटतो. पण त्यातूनच आपल्याला वाट सापडते. झाड आतून पोखरलेलं असतं, ते दिसत नाही. खड्डा दिसतो. तुम्हाला दिसतो, एस.टी.च्या ड्रायव्हरला दिसतो, शाळेतल्या मुलांना दिसतो. रस्त्याच्या धन्याला तो दिसला नाही असं म्हणायची जागा आपण ठेवायची नाही. त्याला लिहून कळवायचं, तारीख घालून, पोच घेऊन. अपघातानंतर आपण "कोणामुळे?" विचारतो. तो प्रश्न अपघाताआधी विचारून ठेवलेला असला, तरच त्याचं उत्तर मिळतं.

पण कळवायचं कोणाला? इथेच आपला माणूस थकतो. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, त्यांतही काही प्राधिकरणाकडे, काही राज्याच्या शाखेकडे. त्यात रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून झाला असेल, तर पहिली 5 वर्षं देखभाल ठेकेदाराकडे. आणि आपल्याला तर पुढे खेतियाची हद्द. तिथे राज्यच बदलतं. खड्ड्याला हद्द कळत नाही, पण खड्ड्याच्या अर्जाला कळते. तो इकडून तिकडे फिरतो. शेतकऱ्याने कशासाठी हे पाठ करावं? रस्त्याच्या दोन्ही टोकांना फलक असतो, त्यावर ठेकेदाराचं नाव, खर्च आणि दोष दुरुस्तीची मुदत लिहिलेली असते. त्यावरच देखभाल करणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि फोन मोठ्या अक्षरात हवा. ही मागणी फार मोठी आहे का?

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. चालकाच्या चुकीला तुरुंग आणि रस्त्याच्या चुकीला दंड, तोही लाखापर्यंतच. तरी कलम आहे. माझी पोलीस बांधवांना कळकळीची विनंती आहे, फिर्याद लिहिताना ते आठवा. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेप लावून लिहा. जशी बाभूळ लिहिता, तसा खड्डा लिहा.

आणि 2025 साली एक मोठी गोष्ट घडली. मुंबई उच्च न्यायालयात 2013 साली खड्ड्यांची जनहित याचिका सुरू झाली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून न्यायालयाने ती स्वतःहून दाखल करून घेतली होती. चांगला रस्ता मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं त्यात ठरलं. 13 ऑक्टोबर 2025 ला न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आकडे ठरवून दिले. खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. दावा केल्यापासून 6 ते 8 आठवड्यांत. तक्रार आल्यावर 48 तासांत खड्ड्याची दखल. दिलेली रक्कम नंतर दोषी अधिकारी आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. 48 तास! ओंटारिओच्या तासांसारखा आकडा आपल्या न्यायालयाच्या आदेशात आला. याचिका मुंबईच्या रस्त्यांवरून सुरू झाली, हे खरं. पण जिल्हा परिषदेच्या ग्रामीण मार्गावर पडणारा माणूस स्वस्त आहे, असं कोणी म्हणणार असेल, तर मी कोर्टात उभं राहून त्याला विरोध करीन.

त्याच आठवड्यात, धनतेरसच्या सुमारास, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी गाडी चांदशैली घाटात उलटली. किती घरांत दिवाळी झाली नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथेही प्रश्न तेच. गाडीत माणसं किती भरली, हे विचारा, जरूर विचारा. वळणावर कठडा कसा होता, सूचनेचा फलक दिसत होता का, हेही त्याच दमात विचारा. एक प्रश्न विचारला म्हणजे दुसरा माफ होत नाही.

आता जे बोलणार आहे, ते काही जणांना कडू लागेल. बोलल्याशिवाय मी जाणार नाही.

खड्डा कशाने पडतो? डांबराला पाण्याचं वैर आहे. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. म्हणून रस्त्याच्या कडेला नाली हवी, मोरी मोकळी हवी, साइडपट्टी उताराची हवी. आता सांगा, नाली कोणी बुजवली? वाफा वाढवण्यासाठी नांगर साइडपट्टीवर कोणी नेला? मोरीच्या तोंडाशी बांध घालून पाणी रस्त्यावर कोणी वळवलं? ठिबकचा पाइप नेण्यासाठी डांबर आडवं कोणी फोडलं आणि वर दोन पाट्या माती टाकून कोण निघून गेलं? हे बांधकाम विभागाने केलं नाही. अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घालतो, बाजूला दगड लावतो, मका उचलतो आणि दगड तिथेच विसरतो. रात्री त्या दगडावर कोण जातं? दुधाचे कॅन घेतलेला आपलाच पोरगा.

आणि ऊस. गळिताच्या हंगामात बघा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर वाढ्यांसकट उसाच्या मोळ्या, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ट्रॉली बिघडली तर तशीच रस्त्यात उभी, खाली दगडाची उटी. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात ती काळी ट्रॉली दिसतच नाही. पपईच्या, केळीच्या गाड्यांचीही तीच गत. लाल रिफ्लेक्टरची पट्टी कितीची येते? साधं कापड किंवा गोणपाट मागे बांधलं तरी दिसत नाही, पट्टीच हवी. माझं म्हणणं स्पष्ट आहे, काट्यावर वजन करताना ज्या ट्रॉलीला मागे पट्टी नाही, तिचा ऊस उतरवून घेऊ नये. कारखान्यांनी ते करावं, ऊस उत्पादकांनी ती अट स्वतःहून मागावी. वाहतूकदार आपलाच भाऊबंद असतो म्हणून आपण बोलत नाही. मरणाराही भाऊबंदच असतो ना?

आपली चूक आहे म्हणून धन्याची जबाबदारी कमी होते का? नाही. नाली बुजवणाऱ्याला नोटीस देणं, रस्त्यावरचा अडथळा हटवणं, हेही रस्त्याच्या धन्याचंच काम आहे. पण आपले हात चिखलात असतील, तर अर्जावर सही करताना त्याचा डाग पडतो.

अपघात झालेला दिसला तर काय करायचं, हे पोरांनो, एवढं ऐका. उचलून दवाखान्यात नेल्याबद्दल तुम्हाला कोणी गुंतवू शकत नाही, 2019 च्या दुरुस्तीने तसं संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती नाही. 108 ला फोन करा. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचाराची केंद्राची योजना आहे, दवाखान्यात तिची चौकशी करा. मग, जखमी माणूस रवाना झाल्यावर, परत फिरून खड्ड्याचा फोटो काढा. खड्ड्यात काठी उभी धरा, म्हणजे खोली दिसेल. आजूबाजूची ओळखीची खूण, किलोमीटरचा दगड वा विजेचा खांब, फोटोत येऊ द्या. मुरूम येण्याआधी हे झालं पाहिजे.

शेवटी, आज इथे सरपंच, ग्रामसेवक दोघेही बसलेत म्हणून त्यांना समोरासमोर विनंती करतो. येत्या ग्रामसभेत एक रजिस्टर सुरू करा. आपल्या ब्राह्मणपुरी गावातून निघणारा प्रत्येक रस्ता त्यात लिहा. त्याचा क्रमांक काय, तो कोणत्या कार्यालयाकडे, शाखा अभियंता कोण, दोष दुरुस्तीची मुदत कधी संपते. पुढे तक्रारीची तारीख आणि दखल घेतल्याची तारीख असे दोन रकाने ठेवा. कोणालाही खड्डा दिसला की त्याने येऊन लिहायचं, ग्रामपंचायतीने त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला पत्र पाठवायचं आणि पोच चिकटवायची. फरशी पुलांची वेगळी यादी करा. सातपुड्यात पाऊस झाला की आपल्याकडे ऊन असताना पाणी येतं, म्हणून प्रत्येक पुलाशी पाण्याची खूण रंगवलेला खांब मागा. पत्राचा नमुना मी मराठीत टाइप करून आणला आहे, प्रती अध्यक्षांकडे ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला आहे आणि ज्यांच्या कागदात खड्डा लिहिलेला नाही, त्यांनी सभेनंतर थांबावं. कागद सोबत आणले नसले तरी चालेल. तारीख आणि जागा आठवत असली, तर आपण आजच सुरुवात करू.